हिरव्या रंगाची रुजुवात

मोटारीच्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा दाबून काढणारी डाय ओतशाळेकडे जाण्यापूर्वी तिचा आराखडा ज्या बैठकीत कायम होतो, त्या बैठकीत आजकाल भिंतीवर एक चित्र उमटते. अद्यापि न घडलेला पत्रा त्या चित्रात घडून तयार झालेला दिसतो. त्याचा बहुतांश भाग हिरवा असतो, कोपऱ्यांशी थोडी पिवळी झाक असते, कडेच्या पट्टीवर निळा-जांभळा रंग असतो आणि एखाद्या खोलगट जागी तांबडा ठिपका असतो. तो ठिपका नाहीसा होईपर्यंत आराखड्यात फेरफार होत राहतात, आणि ज्या दिवशी तो नाहीसा होतो त्या दिवशी मंजुरीची सही होऊन लक्षावधी रुपयांच्या कामाला हात घातला जातो. चाकण, भोसरी व पिंपरी-चिंचवडपासून वाळूजपर्यंत आणि नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंत, जेथे जेथे पत्र्याचे सुटे भाग घडविण्याचा धंदा चालतो तेथे तेथे हा शिरस्ता आता रूढ होत चालला आहे, आणि तो वाईट आहे असे म्हणण्याचे काही कारण नाही. पोलाद फाडून शिकण्यापेक्षा पडद्यावर शिकणे केव्हाही स्वस्तच पडते. प्रस्तुत लेखकाची तक्रार निराळी आहे. ते चित्र कसे पाहावे हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य, आणि तो पत्रा प्रेसखाली कसा वागतो हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य, हे दोघे आपल्याकडे एका पडद्यासमोर क्वचितच बसतात; पहिला कचेरीत असतो, दुसरा टूलरूममध्ये, आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा रंगीत चित्रांची एक पीडीएफ येरझारा घालीत असते.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन अवश्य आहे. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पोलादी पत्रा, कारखान्यात ज्याला ब्लँक म्हणतात तो सपाट तुकडा, डायच्या तोंडावर ठेवावयाचा, त्याची कडा ब्लँक होल्डरखाली दाबून धरावयाची, आणि पंच व डाय एकमेकांत उतरवून त्याला हवा तो आकार द्यावयाचा, अशी ही क्रिया सांगावयास सोपी आहे. लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधणाऱ्यास ठाऊक असते की, कापड मध्ये कितीही तंग बसले तरी कडेला चुण्या जमल्यावाचून राहत नाहीत, कारण मोठ्या परिघाचे कापड लहान परिघात मावावयाचे असते. पत्र्याचेही नेमके तेच होते. फरक इतकाच की दादऱ्याच्या चुण्या दोरीखाली लपतात आणि पत्र्याच्या चुण्या मोटार विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. चुण्या पडू नयेत म्हणून कड अधिक जोराने दाबावी तर पत्रा आत ओढला जाईनासा होतो, जो काही ताण पडावयाचा तो मधल्या भागावर पडतो, तेथे पत्रा पातळ होत जातो आणि अखेर कोपऱ्याशी फाटतो. फाटणे आणि सुरकुतणे या दोन परस्परविरुद्ध संकटांच्या मधली जी अरुंद वाट असते ती शोधणे हीच डायकारागिराची विद्या होय. ब्लँक होल्डरवर ड्रॉबीड नावाचा उंचवटा कोठे ठेवावा, तो किती उंच असावा, कोणत्या वळणाची त्रिज्या घासून वाढवावी, ब्लँकचा कोणता कोपरा छाटावा, हे सारे त्या विद्येचे प्रकरणशः पाठ. या दोन संकटांतून निभावल्यावरही तिसरे उरतेच: दाब निघताच पत्रा थोडा उलट फिरतो, ज्याला स्प्रिंगबॅक म्हणतात, आणि नव्या अतिबलवान पोलादांत हा उलट फिरण्याचा हट्ट जुन्या नरम पोलादापेक्षा पुष्कळच मोठा असतो.

आता रंगांकडे वळू. हे रंग संगणकाने निर्माण केलेले नाहीत. त्यांचा जन्म प्रेसशॉपमधील खऱ्याखुऱ्या पत्र्यांवर झाला आहे, आणि ही वंशावळ विसरली गेल्यामुळेच पुढचा बराचसा घोटाळा होतो असे माझे मत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टुअर्ट कीलर यांनी वॉल्टर बॅकोफेन यांच्यासह १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कठीण पंचावर ताणलेला पत्रा फाटण्यापूर्वी किती ताण सोसतो, आणि दोन्ही दिशांनी एकदम ताण पडत असता ही मर्यादा कशी बदलते, याचा शोध घेतला. पुढे १९६८ साली क्रायस्लर कंपनीतील गुडविन यांनी, पत्रा एका दिशेने ताणला जात असता दुसऱ्या दिशेने आक्रसत असेल तर काय घडते, ही उरलेली बाजू पुरी केली. या संशोधकांची रीत साधी आणि म्हणूनच मोठी होती. सपाट ब्लँकवर विद्युत्-रासायनिक पद्धतीने सुमारे अडीच मिलिमीटर व्यासाच्या लहान लहान वर्तुळांची जाळी कोरावयाची, मग तो ब्लँक नेहमीप्रमाणे प्रेसखाली घालावयाचा, आणि बाहेर आलेल्या जॉबवर त्या वर्तुळांची काय अवस्था झाली ते पाहावयाचे. वर्तुळांची लंबवर्तुळे झालेली असतात; लांब अक्ष किती वाढला आणि आखूड अक्ष किती वाढला अथवा घटला हे मोजले की त्या जागी पत्र्याने काय भोगले याचा पुरा दाखला हाती येतो. फाटलेल्या जागांची मापे एकीकडे आणि सुखरूप जागांची मापे दुसरीकडे मांडीत गेले असता दोहोंच्या मधून एक वक्र रेषा निघते. हीच ती फॉर्मिंग लिमिट रेषा. तिच्या वर धोका, तिच्या खाली दहा टक्क्यांच्या पट्ट्यात शंका, आणि त्याहून खाली निर्धास्तपणा. पडद्यावरचा तांबडा, पिवळा आणि हिरवा म्हणजे या आलेखाचे तीन प्रदेश, पत्र्याच्या आकारावर परत नेऊन रंगविलेले.

हे एकदा ध्यानात आले की पहिला प्रश्न आपोआप सुचावा: या विशिष्ट पत्र्याची, या विशिष्ट गुंडाळीची ती रेषा काढली कोणी? पुष्कळदा उत्तर असे असते की, कोणीच नाही. ती प्रयोगशाळेत काढण्यास निरनिराळ्या रुंदीचे नमुने, योग्य यंत्र आणि वेळ लागतो, म्हणून पत्र्याची जाडी आणि त्याच्या कठीण होत जाण्याचा घातांक या दोनच गोष्टींवरून कीलर आणि ब्रेझियर यांच्या सूत्राने ती अंदाजे काढून संगणकात भरली जाते. जाडी ०.८ मिलिमीटर आणि घातांक ०.२१ असला तर त्या रेषेचा तळबिंदू ३५ टक्क्यांच्या जवळपास येतो, इतके ते सूत्र सुटसुटीत आहे. नरम, कमी कार्बनच्या पोलादांसाठी ते उत्तम चालते आणि त्याच्या कर्त्यांनी त्याहून अधिक काही वचन दिलेले नव्हते. परंतु तेच सूत्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लावले, अथवा आजच्या दुहेरी-प्रावस्थेच्या पोलादांना डोळे मिटून लावले, तरी संगणक हरकत घेत नाही, आणि पडद्यावरचा हिरवा रंग तितकाच प्रसन्न दिसतो. रंगाला आपल्या पायाचा भक्कमपणा सांगता येत नाही. शिवाय ही रेषा असे गृहीत धरते की, पत्र्यावरचा ताण आरंभापासून अखेरपर्यंत एकाच प्रमाणात वाढत गेला. पहिल्या प्रेसमध्ये एका दिशेने ताणलेला पत्रा दुसऱ्या प्रेसमध्ये भलत्याच दिशेने ताणला गेला की रेषेची जागाच सरकते. आणि कातरलेल्या कडेच्या बाबतीत तर ती जवळजवळ आंधळीच म्हणावी लागेल: पंचाने तोडलेली कड सूक्ष्म ओरखड्यांनी व कठीण झालेल्या पोलादाने आधीच दुबळी झालेली असते, म्हणून छिद्राची कड वर वळविताना दुहेरी-प्रावस्थेचे पोलाद अशा ताणालाही फाटते, जो आलेखावर निखळ हिरव्या प्रदेशात मोडतो.

संगणकाचा या धंद्यात प्रवेश कसा झाला तो इतिहास मनोरंजक आहे, पण येथे त्याला थोडकीच जागा देतो. जॉन हॉलक्विस्ट यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७६ साली डायना-थ्रीडी ही गणनप्रणाली लिहिली ती शस्त्रास्त्रांच्या कामासाठी. तिच्याच वंशातील एलएस-डायना आज शांततेच्या काळातले पत्रे दाबीत बसली आहे. ऑटोफॉर्म ही प्रणाली स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या छायेत, १९९० नंतरच्या वर्षांत आकारास आली. १९९३ साली जपानात भरलेल्या नुमिशीट परिषदेत चौकोनी पेल्यासारखे काही ठराविक नमुने सर्व संशोधकांना देऊन प्रत्येकाने आपले गणित मांडावे आणि ते प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहावे असा उपक्रम झाला, आणि तेव्हा गणिता-गणितांत तर तफावत आढळलीच, परंतु निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या प्रत्यक्ष मोजमापांतही ती आढळली. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख आपल्या बैठकांत सहसा होत नाही. पत्राही दर खेपेस एकच उत्तर देत नाही. गुंडाळी बदलली, तेल कमी-अधिक झाले, हवा तापली, की त्याचे वर्तन बदलते, आणि गणितात मात्र घर्षणगुणांक ०.१२ किंवा ०.१५ असा एकदा लिहिला की तो तसाच राहतो.

गणित झाले की त्याचा निकाल पाहण्याची साधने पुढे येतात, ज्यांना पोस्टप्रोसेसर म्हणतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यांचा अभ्यास म्हणजे कोणते बटण कोठे आहे एवढाच समजला जातो, आणि जाळी कशी पाडावी, सीमाअटी कशा द्याव्या, यांवर सारा भर दिला जातो. माझ्या समजुतीने खरा विवेक लागतो तो निकाल पाहताना. एकाच निकालाच्या फायलीतून, एकही आकडा न बदलता, दोन परस्परविरुद्ध चित्रे काढता येतात, आणि त्यात कोणी लबाडी केलीच पाहिजे असेही नाही.

सर्वांत सोपे उदाहरण रंगपट्टीचे. पत्रा किती पातळ झाला हे दाखविणारी पट्टी स्वयंचलित ठेवली तर संगणक त्या निकालातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला तांबडा रंग देतो, मग तो आकडा अठरा टक्के असो की अडतीस. म्हणजे निर्दोष जॉबही तांबडा दिसू शकतो, आणि दोन आराखड्यांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवली असता दोहोंतील तांबड्याचा अर्थ निराळा असतो. उलट कोणी पट्टीचे वरचे टोक चाळीस टक्क्यांवर नेऊन ठेवले तर, वीस ते पंचवीस टक्क्यांपलीकडे पत्रा पातळ होऊ देऊ नये असा प्रघात ज्या कारखान्यात आहे, तेथेही तीस टक्के पातळ झालेला कोपरा शांत पिवळा दिसून बैठक पुढच्या विषयाकडे वळते. दुसरी गोष्ट सरासरीची. गणित प्रत्येक घटकाच्या, म्हणजे जाळीतल्या प्रत्येक लहान चौकोनाच्या, पोटात होते. चित्र मऊ व नेत्रसुखद दिसावे म्हणून दाखविणारे साधन शेजारच्या चौकोनांची सरासरी घेऊन रंग पसरविते, आणि नेमकी जी जागा एकट्या चौकोनात शिगेला पोहोचलेली असते ती जागा सरासरीत बुडून जाते. कीलर यांच्या वर्तुळांनाही हा दोष होताच, कारण वर्तुळाहून अरुंद अशी मान पडलेली, म्हणजे फाटण्यापूर्वी आक्रसलेली, जागा वर्तुळ अर्धीमुर्धीच सांगते. पण वर्तुळ मोजणाऱ्याला आपल्या वर्तुळाचा व्यास ठाऊक असे, आणि पडदा पाहणाऱ्याला जाळीच्या चौकोनाचे माप विचारण्याचे बहुधा सुचत नाही. तिसरी गोष्ट थरांची. जेथे पत्रा तीव्र वळणावर वाकतो तेथे बाहेरचा थर ताणलेला आणि आतला दबलेला असतो. फॉर्मिंग लिमिट रेषेची तुलना मधल्या थराशी करावयाची असते, म्हणून बाहेरचा थर पाहणारा नसता घाबरतो, आणि मधलाच थर पाहून समाधान मानणाऱ्यास वाकणीवर उगवणारी भेग दिसत नाही.

याहूनही अधिक नुकसान करणारी सवय म्हणजे केवळ अखेरचे दृश्य पाहण्याची. पंच तळाला पोहोचला की पोलादाच्या दोन पृष्ठभागांमध्ये पत्रा इस्त्री केल्यासारखा सपाट होतो, आणि त्या दृश्यात एकही चुणी दिसत नाही. परंतु तळापासून दहा मिलिमीटर वर असताना त्याच जागी लाट उठलेली असते, तळापासून पाच मिलिमीटरवर ती दुमडू लागलेली असते, आणि मग ती चिरडली जाऊन तिचा वण पृष्ठभागावर कायमचा राहतो. हा सारा वृत्तांत फायलीत नोंदलेला असतो, पण तो पाहावयाचा तर चलच्चित्र हळूहळू मागेपुढे फिरवावे लागते, संशयित जागी पत्र्याचा छेद घेऊन पंच आणि डाय यांच्यामधली पोकळी निरखावी लागते, आणि त्याहीपूर्वी गणित करणाऱ्याने मधल्या अवस्था पुरेशा संख्येने जतन करून ठेवलेल्या असाव्या लागतात. जागा वाचविण्यासाठी चारच अवस्था जतन केल्या तर दोन अवस्थांच्या मधे काय घडले याचा पुरावाच उरत नाही.

स्प्रिंगबॅकच्या चित्रात तर एक असा पेच आहे की ज्यावर न्यायालयातला वकीलही खूश व्हावा. घडलेला भाग आणि अभिप्रेत भाग यांतील अंतर रंगाने दाखवावयाचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर हिरवे, ठीक. पण दोन्ही आकार एकमेकांवर बसवावयाचे कसे? संगणकाला सर्वोत्तम जुळणी शोधण्यास सांगितले तर तो सारी चूक इकडेतिकडे सारखी वाटून टाकतो आणि चित्र बरेचसे हिरवे होते. तोच भाग तपासणीच्या फिक्स्चरवर ज्या टेकूंवर व ज्या छिद्रांत बसणार आहे त्यांच्याच आधारे बसविला तर सर्व चूक दूरच्या टोकाशी गोळा होऊन तेथे तीन मिलिमीटरचा तांबडा पट्टा उमटतो. कारखान्यात तो भाग फिक्स्चरवरच बसणार आहे, हे जो जाणतो तो पहिले चित्र स्वीकारणार नाही. हे जाणतो कोण? बहुधा तपासणी विभागातला मनुष्य, ज्याला बैठकीचे बोलावणे नसते.

रंगांच्या निवडीविषयीही एक शब्द. इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंग लावण्याची चाल शास्त्रीय चित्रांत दीर्घकाळ चालत आली, आणि तीत दोष असा की, पिवळ्या व निळसर पट्ट्यांच्या सीमेवर डोळ्यास कडा भासते जेथे आकड्यात कडा नसते, आणि हिरव्या पट्ट्यात भेद दिसत नाही जेथे आकड्यात भेद असतो. आकडेमोडीच्या मॅटलॅब प्रणालीने २०१४ साली आपली ही जुनी रंगमाला बदलून टाकली. पत्र्याच्या प्रणालींत ती अद्याप बरीचशी टिकून आहे. शिवाय तांबडा व हिरवा यांतील भेद ज्यांना जन्मतःच कमी जाणवतो असे पुरुष प्रत्येक मोठ्या कारखान्यात असणारच, आणि ते त्याची वाच्यता करीत नाहीत.

एवढे दोष वाचून कोणी असे समजेल की मी या साधनांचा वैरी आहे, तर तसे नाही. किंबहुना त्यांतील एका साधनाविषयी मला मोठी ममता आहे. टूलरूममधला जुना कारागीर बाहेरच्या पॅनेलवर ऑइलस्टोनचा सपाट दगड हलकेच फिरवितो. जेथे दगड टेकतो तेथे पत्रा चमकतो, जेथे टेकत नाही तेथे काळपट राहतो, आणि बोटालाही न कळणारा, मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावा लागणारा खळगा असा उघडा पडतो. दाराच्या मुठीभोवती असे खळगे हमखास पडतात आणि रंग दिल्यावर ते उन्हात दिसतात. प्रणालीकर्त्यांनी ही क्रिया संगणकात उतरविली आहे: ठराविक लांबीचा काल्पनिक दगड घडलेल्या पृष्ठभागावर ठराविक दिशेने फिरवून तो कोठे टेकत नाही हे ती साधने दाखवितात, त्याचप्रमाणे प्रकाशाच्या समांतर पट्ट्यांचे प्रतिबिंब पॅनेलवर पाडून त्या पट्ट्या कोठे वाकड्या होतात हेही दिसते. येथे हाताची विद्या जशीच्या तशी पडद्यावर गेली, आणि दगडाची लांबी किती घ्यावी व तो कोणत्या दिशेने फिरवावा हे दोन प्रश्न संगणक आजही माणसालाच विचारतो. त्यांचे उत्तर चार वर्षे पदवीचा अभ्यास केलेल्या तरुण अभियंत्यापाशी नसते; ते त्या दगडवाल्यापाशी असते.

म्हणून माझी सूचना अशी की, निकाल पाहण्याचे साधन टूलरूममध्ये, नव्या डायची चाचणी ज्यावर घेतात त्या ट्रायआउट प्रेसच्या शेजारी, असलेच पाहिजे, आणि ते वापरण्याचा अधिकार फिटरास असला पाहिजे. गणित करण्याचा परवाना महाग असतो हे खरे. परंतु निकाल पाहण्याचे साधन त्या मानाने स्वस्त असते, आणि एलएस-डायनाचे निकाल दाखविणारे एलएस-प्रीपोस्ट तर स्वतंत्र किंमत न आकारता दिले जाते. ट्रायआउटच्या पहिल्या दिवशी जॉब फाटला की आज काय होते? फिटर म्हणतो, ‘मॅडम, इथं पत्रा अडकतोय, बीड जरा उतरवू का?’ कचेरीतून खाली आलेली विश्लेषक म्हणते, ‘काका, आमच्याकडे हिरवं होतं’. आणि दोघांचेही खरे असून संवाद तेथेच थांबतो. प्रेसशेजारी पडदा असता तर दोघांना मिळून पहिली रुजुवात करता आली असती, ती म्हणजे पत्रा कडेने किती आत ओढला गेला त्याची. ब्लँकची कड मूळ जागेपासून किती सरकली हे फूटपट्टीने मोजता येते, तोच आकडा निकालाच्या फायलीतही मिळतो, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर पडद्यावरच्या इतर कोणत्याही रंगावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. कारण पत्रा आत येण्याचे प्रमाण चुकले की ताणाचे सारे गणित चुकते. मग दोष शोधावयाचा तो क्रमाने: ब्लँक होल्डरला रेटणाऱ्या कुशनचा दाब सांगितल्याबरहुकूम आहे की नाही, बीड आराखड्याप्रमाणे घासलेले आहे की नाही, निळी शाई लावून पाहिले असता ब्लँक होल्डर सर्वत्र टेकतो की नाही, तेल तेच आहे की नाही. या प्रश्नांची उत्तरे फिटर क्षणात देतो, आणि फाटलेल्या जागेवरचा ताण मागेपुढे फिरवून दाखविणे विश्लेषकास क्षणात जमते.

यावर हरकती निघतील, आणि त्यांतील एक वजनदार आहे. नव्या गाडीचा आकार हे ग्राहकाचे गुपित असते, निकालाची फाईल बाहेर पडली तर आकारही बाहेर पडतो, म्हणून केवळ चित्रे देण्याची पद्धत पडली. परंतु ज्या टूलरूमकडे त्या भागाची प्रत्यक्ष डाय उभी आहे, तिच्यापासून त्या भागाचा आकार लपविण्यात काय साधते हे मला समजलेले नाही. फिटरास इंग्रजी येत नाही, ही दुसरी हरकत तर ऐकण्यासारखीही नाही. जो मनुष्य शतांश मिलिमीटरची मापे असलेले इंग्रजी अक्षरांतले ड्रॉइंग वर्षानुवर्षे वाचीत आला, त्याला सात रंगांची पट्टी वाचता येणार नाही असे म्हणणे हे निव्वळ पदवीचे अहंमन्यत्व होय. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना हत्यारे आणि डाय येथेच घडविण्यावर आणि त्यासाठी कारागीर शिकवून तयार करण्यावर जो भर दिला, त्याचे फळ म्हणून या परिसरात असे हात निर्माण झाले. त्या हातांना नवा डोळा देण्यास आपण का कचरावे हे कळत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टूल अँड डाय मेकर हा व्यवसाय शिकविला जातो, आणि छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूलरूमसारखी संस्था आहे. तेथील अभ्यासक्रमात वर्तुळांची जाळी कोरून फाटलेला जॉब मोजणे आणि त्याच जॉबचा संगणकी निकाल पडद्यावर उलगडून पाहणे हे दोन पाठ एकाच आठवड्यात शेजारी-शेजारी शिकविले, तर रंगांची वंशावळ त्या विद्यार्थ्यास निराळी सांगावी लागणार नाही.

खरेदी विभागांनाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती करारनाम्याच्या मसुद्यात अर्ध्या पानाहून अधिक जागा घेणार नाही. सिम्युलेशनच्या कामाचे बिल मंजूर करताना चित्रांच्या पीडीएफवर शेरा मारून मोकळे होऊ नये. निकालाची मूळ फाईल मागावी, आणि तिच्यासोबत एक कैफियत मागावी, जीत पत्र्याचे गुणधर्म कोठून घेतले, फॉर्मिंग लिमिट रेषा मोजलेली की सूत्राने काढलेली, जाळीचा सर्वांत लहान चौकोन केवढा, घर्षणगुणांक किती, मधल्या किती अवस्था जतन केल्या, स्प्रिंगबॅकसाठी भाग कोणत्या टेकूंवर बसविला, आणि प्रत्येक चित्रातील रंगपट्टीची दोन्ही टोके कोणी व का ठरविली, हे नमूद असेल. त्याच करारात उलट दिशेचेही एक कलम असावे: ट्रायआउटमध्ये मोजलेले ओढीचे आकडे, लागलेला दाब आणि घासून बदललेल्या त्रिज्या यांचा तक्ता टूलरूमने विश्लेषकाच्या दप्तरी पोहोचता करावा, आणि तो पोहोचल्याची पावती जोडल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये.